साडीवर मांडलेलं यंत्र

उसनं आणलेलं यंत्र कुणी उघडून बसतं का, सांगा बरं? आमच्या ह्यांनी आणि भाऊजींनी गंगापूर रोडला असली यंत्रं बनवायची नवी कंपनी काढली, तेव्हा विंचूरच्या शेठकडून कोल्ड स्टोरेजमधली थंडी राखणारं परदेशी कंट्रोलर 'बघायला' म्हणून आणलं. आतलं तंत्र शिकायचं म्हणून सगळं सुटं करून माझ्या जुन्या साडीवर काढल्या क्रमानं ओळीनं मांडलं. दिवेलागणीला सासूबाईंनी ते पापडांसारखं गोळा करून डब्यात भरलं.

"आई, ती ओळ होती!" हे ओरडले.

"लक्ष्मी यायच्या वेळी पसारा कसला?"

तेवढ्यात शेठचा फोन. "वहिनी, सकाळी न्यायला येतो. द्राक्षं भरायचीत."

मी डबा ह्यांच्यापुढे ठेवला. दोघे आठवून आठवून जोडायला बसले.

सकाळी यंत्र सुरू झालं, शेठ खुशीत घेऊन गेले, आणि सासूबाईंनी डबा उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं.