बाहुल्याची चाल

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसली होती. पलीकडे डोळे मिटून त्यांचे वडील.

"जाहिरातीतला तुझा तो बाहुला अगदी बाबांसारखा चालतो. नाही म्हणू नकोस."

"ताई, हळू बोल."

"कसं केलंस, ते सांग."

"पायाची एक जागा ठरवायची, मग दुसरी. मधली हालचाल सॉफ्टवेअर आपोआप भरतं, ती मी बंद केली. म्हणून तो एका जागी थिजतो आणि एकदम पुढच्या जागी उडी मारतो."

"ते नाही विचारलं मी. बाबांचा व्हिडिओ समोर ठेवून केलंस का?"

"डॉक्टरांना दाखवायला काढला होता ना, तोच."

"आमच्या ऑफिसात लोक पोट धरून हसतात त्याला."

"मला हसवायचं नव्हतं गं."

"मग बाबांना सांग तसं. कुठल्या तोंडाने सांगणार आहेस?"

"मी पाहिलाय तो बाहुला. चारदा."

"बाबा, तुम्ही जागे आहात?"

"चाल बरोबर आहे. दार तेवढं चुकलंय. तुझा बाहुला दारातून सरळ आत जातो."

"म्हणजे?"

तेवढ्यात नर्सने नाव पुकारलं. वडील उठले, धक्क्याधक्क्याने दारापर्यंत गेले, आणि उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. दोघं धावली.

"कुणी हात लावू नका. तू फक्त मोज, मी इथे किती वेळ अडकतो ते."