कॉलपुरता सोफा

गरिबी कशी दाखवायची, हे आमच्या आईला कधी विचारू नका.

मला पुण्याच्याच विद्यापीठात शिकायचं होतं. त्यांनी निम्मी फी माफ केली, पण उरलेली निम्मीही आम्हाला झेपणारी नव्हती. आणखी सवलत मागितली, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. परिस्थिती पाहून ठरवू."

कॉलच्या दिवशी मी बाजारातून घरी आले, तर बैठकीत शेजारच्या काकूंचा सोफा, त्यांचाच टीपॉय आणि दाराला त्यांचे पडदे. बाबा इस्त्रीचा सदरा घालून सोफ्यावर बसलेले.

"आई, आपल्याला गरज हाय हे दाखवायचंय."

"म्हणून घराची शोभा करायची का? पुण्याचे लोक बघायलेत."

तेवढ्यात कॉल लागला. मोबाईल फिरवून घर दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "घर तर छान आहे तुमचं." मला वाटलं, संपलं सगळं.

तर काकू दारात. "वैनी, सोफा वापस द्या बरं. जिंतूरचे पाहुणे यायलेत." बाबा उठले आणि सोफ्याचं एक टोक धरून काकूंसोबत बाहेर गेले.

मॅडमनी हसू दाबत विचारलं, "मग यातलं तुमचं काय आहे?"

आईनं मला पुढं ओढलं. "ही पोरगी तेवढी आमची हाय."

आठ दिवसांत मेल आला. राहिलेली फीही माफ.

आई अजून गल्लीभर सांगती, "सोफा आणला म्हणून जमलं."