तेल खाणारी गाडी

वसंतराव : तेल खाते म्हटल्यावर बाकी काय राहिलं, उर्वशी? ज्या इंजनानं तेल खाल्लं ते गेलं. पांढुर्ण्यात कोणालेही विचार.

उर्वशी : काका, ही गाडी तेल खाणार हे बाबांनी तुम्हाला देतानाच सांगितलं होतं.

वसंतराव : सांगितलं होतं न. विकणारा सांगतेच. संत्र्याच्या सालीवर डाग असन तर मी बी गिऱ्हाइकाले म्हणतो, डाग वरून आहे, आत गोड आहे.

उर्वशी : आणि आत गोड नसतं?

वसंतराव : कधी असते, कधी नसते. म्हणून तर म्हणतो.

मीनाकाकू : घे, चहा घे आधी. सौंसरवरून आली पोरगी, तिले बसू तरी द्या. प्रफुल्लभाऊंचा गुडघा कसा आहे?

उर्वशी : तसाच आहे, काकू. क्लच दाबला जात नाही म्हणून तर गाडी दिली. नाहीतर त्यांनी कोणाला हातसुद्धा लावू दिला नसता.

वसंतराव : माझी बी हौसच होती न. सौंसरवरून प्रफुल्ल यायचा तं आवाज मंडीपासून ऐकू यायचा. आता दारात उभी आहे आणि नुसती घर्रघर्र करून राहिली. स्टँडजवळचा भूपेंद्र मिस्त्री पाहून गेला. म्हणे, तेल कमी होऊन राहिलं, रिंगा गेल्या, इंजन मेलं.

उर्वशी : दुसरी कोणतीही गाडी असती तर त्याचं बरोबर होतं. पण या इंजिनात रिंगाच नाहीत. पिस्टनही नाही.

वसंतराव : मग हलते काय आत?

उर्वशी : एक तीन कोनांचा तुकडा. लंबगोल डब्यात तो फिरत राहतो. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या आहेत आणि त्या डब्याच्या भिंतीला घासत जातात.

वसंतराव : म्हणजे समोसा कढईत फिरून राहिला.

मीनाकाकू : समोसा फिरन तर तेल लागनच न.

उर्वशी : काकू, तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. तेच आहे. टोकं कोरडी पडू नयेत म्हणून इंजिन स्वतःच थोडं तेल आत सोडतं आणि जाळतं. तेल कमी झालं नसतं तर मी घाबरले असते.

वसंतराव : तू एम.एस्सी. झाली फिजिक्समधे. तू म्हणशीन ते बराबर असन. पण गाडी चालू होत नाही, हे तर खरं आहे न?

उर्वशी : खरं आहे. म्हणून आले. आणि दुसऱ्याही एका कारणासाठी आले.

मीनाकाकू : रामाकोना गावात झालं ते.

उर्वशी : हो. तिथल्या लग्नात बाबांना कोणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, मास्तर, वसंतरावाले मेलेलं इंजन देल्लं म्हणते? बाबा पंगतीतून उठून घरी आले. तेव्हापासून ते कोणाकडे जात नाहीत.

वसंतराव : मी रामाकोन्यात कोणाले काही बोललो नाही.

मीनाकाकू : मंडीत बोलले न. मंडीत बोललं की रामाकोन्याले वेगळं सांगा लागत नाही.

उर्वशी : मला एवढंच पाहायचं आहे, इंजिन मेलं आहे की नाही. मेलं असेल तर मी स्वतः बाबांना सांगते, गाडी परत घ्या.

वसंतराव : आणि नसन तर?

उर्वशी : तर ते तुम्ही सांगा. आता मला सांगा, गाडी तुम्ही रोज कुठे न्यायचात?

वसंतराव : कुठंच नाही. भूपेंद्रनं सांगितल्यावर मी तिले जपून ठेवलं. उगीच तेल कायले जाळायचं? सकाळी गोदामात संत्र्याच्या कॅरेटची गाडी लागते, तेव्हा ही तेवढी बाहेर निंबाखाली काढायची.

उर्वशी : चालू करून?

वसंतराव : मग काय. चालू केली, निंबाखाली लावली, बंद केली.

मीनाकाकू : मग उदबत्ती ओवाळली.

उर्वशी : आणि संध्याकाळी परत आत.

वसंतराव : हो. एकदम हळू. रेससुद्धा देल्ली नाही.

उर्वशी : म्हणजे ती एकदाही गरम झाली नाही. काका, थंड असताना हे इंजिन पेट्रोल जास्त घेतं. गरम व्हायच्या आत बंद केलं की ते पेट्रोल आत तसंच राहतं आणि टोकांवरचं तेल धुऊन टाकतं. रोज दोनदा धुतलंय तुम्ही. तुम्ही बोलत होतात तोवर मी हे प्लग काढलेत, वास घ्या.

वसंतराव : नुसतं पेट्रोल. ओला आहे पुरा.

उर्वशी : चारही तसेच. पुसून ठेवलेत. आता तुमच्या संत्र्याच्या पिकअपच्या बॅटरीला वायर जोडा. टाकीतल्या मोटरचा फ्यूज मी काढलाय. ॲक्सिलरेटर पुरा दाबा आणि सेल्फ मारा.

वसंतराव : पेट्रोल बंद करून गाडी चालू होते?

उर्वशी : होणार नाही. आतलं आधी बाहेर जाऊ दे. मारा. अजून. थांबा. आता आत थोडं तेल सोडते, प्लग बसवते, फ्यूज लावते. मारा परत. सोडू नका.

मीनाकाकू : अगं बाई, धूर पाह्य. शेजारच्या कमलचे कपडे वाळून राहिले तिकडे.

वसंतराव : जळून राहिली का? बंद करू?

उर्वशी : अजिबात नाही. ते तेल जळतंय. पाय तसाच ठेवा. ऐका, आवाज सारखा होतोय.

वसंतराव : झाला. झाला न!

उर्वशी : अजून मी काही म्हणत नाही. गरम होऊ द्या, मग मी बाजूला बसते. सौंसरच्या रस्त्यानं थोडं पुढे जाऊन येऊ. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मधे आला की गिअर बदलायची घाई करू नका, लाल रेघेपर्यंत जाऊ द्या.

वसंतराव : इतकं ताणायचं? फाटन न.

उर्वशी : न ताणल्यानं आत काजळी धरते. हिला जपायचं तर रोज थोडं पळवावं लागतं.

(गाडी फिरून परत आल्यावर, निंबाखाली.)

मीनाकाकू : मंडीकडून गेले की बाहेरून?

वसंतराव : मंडीकडून.

मीनाकाकू : कोणी पाहिलं?

वसंतराव : पाहाले काय लागते? आवाजावर सगळे दुकानाबाहेर आले. भूपेंद्र बी आला. मी थांबलो नाही.

उर्वशी : आता बंद करा, गरम आहे. चढावर ओढली, गरम असताना बंद करून लगेच चालू झाली. मेलेलं इंजिन हे करत नाही. तरी नागपूरला एकदा कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आणि दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरलं की तेलाची पातळी पाहा.

वसंतराव : ॲव्हरेज काय देईन?

उर्वशी : ते विचारू नका.

वसंतराव : आणि सकाळी कॅरेटची गाडी लागली तर?

उर्वशी : न्यूट्रल करून धक्का मारा. हलकी आहे.

मीनाकाकू : म्हणजे मीच मारन. मग प्रफुल्लभाऊंले फोन कोण करते?

उर्वशी : मी सांगते त्यांना, काकू. काकांना नसेल जमत तर—

वसंतराव : तू राह्य. मी लावतो. उचलन का पण?

मीनाकाकू : लावल्याशिवाय कसं समजन?

वसंतराव : हॅलो. प्रफुल्ल, वसंत बोलून राहिलो. ...हो. ...हो, उर्वशी इथंच आहे, जेवून निघन. ...नाही, गाडी परत नाही देऊन राहिलो. एक विचारायचं होतं. गाडी थंडी असतानी चालू करून लगेच बंद केली, तर काय होते? ...नाही. नाही, मले कोणीच नाही सांगितलं.

मीनाकाकू : अहो, ही पोरगी मघापासून तुम्हाले तेच तर—

उर्वशी : काकू, राहू द्या.

मीनाकाकू : काय म्हणून राहिले ते?

वसंतराव : थांब न. पहिल्यापासून सांगून राहिला.