माडाखालचा पाट

हसू नका, पण परवापासून आमच्या घरात मांजराला माझ्याहून जास्त मान आहे आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

अंगणातला माड माझ्या बापाने लावलेला. नारळ दरवर्षी मीच उतरवायचो, दुसऱ्या कोणाला कधी खोडाला हात लावू दिला नाही. आता वय अडुसष्ट, जिना चढतानाही गुडघे दुखतात. बायको सहा महिने मागे लागली होती, "अवो, सुके नारल लोंबतायत. मानूस बोलवा."

मी म्हणायचो, "माझ्या माडावर मीच चढनार. गुडघा बरा होऊ दे."

परवा सकाळी ती माडाखाली पाटावर बसून बांगडे साफ करत होती. ती तिची रोजची जागा. मी ओटीवर चहा पीत होतो. तेवढ्यात मांजराने एक बांगडा उचलला आणि पळालं. ही शिव्या देत त्याच्यामागे धावली. चार पावलं गेली असेल, तोच मागे धाडकन आवाज झाला. पाटाचे दोन तुकडे झाले होते आणि शेजारी नारळ पडला होता.

तिने पाटाकडे बघितलं, मग वर माडाकडे, मग माझ्याकडे. आवाज अजिबात चढवला नाही.

"तुमचा गुडघा बरा व्हायची वाट बघत बसले होते मी," एवढंच म्हणाली.

नारळ काढणाऱ्याला मी लगेच फोन केला. दुपारी जेवायला बसलो तर ताटात बांगडा नाही. विचारलं.

"एक मांजराने चोरला," ती म्हणाली. "बाकीचे मी त्याला दिले."