शेवटच्या रांगेत ऐकू येतंय का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सन्माननीय अर्थमंत्री महोदय. पदावरून उतरूनही आज अगत्यानं आलेले दोन्ही माजी अर्थमंत्री. आदरणीय अर्थसचिव मॅडम. आजच्या सत्कारमूर्ती, आम्हां सगळ्यांच्या बाई. त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची लेक आणि जावईबापू. आणि या जुन्या सभागृहात शेवटचे जमलेले माझे सगळे सहकारी, बंधू आणि भगिनींनो,

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला भाषणाची सवय नाही. माझं उभं आयुष्य दुसऱ्यांचे माईक चालू करण्यात आणि वेळ संपली की बंद करण्यात गेलं. ती वर काचेची खोली दिसतेय ना, तिथं मी बसायचो. तिथून तुम्हां सगळ्यांची टकलं मला पाठ आहेत. (अध्यक्ष महोदय, हे आपल्याला उद्देशून नाही.) आज माझ्या जागी एक नवा तंत्रज्ञ बसलाय. बाबा रे, मी लांबण लावलं तर माझा माईक बंद करायला संकोच करू नकोस. मी भल्याभल्यांचे केलेत.

मला बोलायला उभं का केलं? सचिव मॅडम म्हणाल्या, मंत्री सोडले तर बाईंचं खरं काम डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं कोणी उरलेलं नाही. ते खरं आहे. बाईंच्या टेबलावर ‘स्वीय सहायक’ अशी पाटी होती. फोन, भेटी, टपाल हे सगळं त्या करायच्याच. पण त्यांचं जे खरं काम होतं, त्याची पाटी कुठंच नव्हती. अर्थसंकल्प मांडायच्या दोन दिवस आधी, या सभागृहाची सगळी दारं आतून लावून, रिकाम्या बाकांपुढं उभं राहून त्या अर्थमंत्र्यांचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायच्या. आणि खुद्द अर्थमंत्री कुठं बसायचे? तिथं. शेवटच्या रांगेत, खांबाच्या बाजूला.

नव्या मंडळींना हे गमतीचं वाटेल. आता भाषण पडद्यावर येतं, किती मिनिटं लागतील ते यंत्रच सांगतं. पण ही प्रथा या पदाइतकीच जुनी. आपले पहिले अर्थमंत्री, कॉरिडॉरमधल्या पहिल्या तसबिरीतले, मिशावाले, त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांचं म्हणणं असं, की शेवटच्या रांगेत मला ऐकू आलं तर देशात सगळ्यांना ऐकू येईल. म्हणून ते मागं जाऊन बसायचे आणि कार्यालयातलं कोणीतरी वाचायचं. वाचणाऱ्यानं आधी विचारायचं, “शेवटच्या रांगेत ऐकू येतंय का?” मागून उत्तर यायचं, “येतंय. चालू द्या.” उत्तर आल्याशिवाय पहिला शब्द उच्चारायचा नाही. पहिले साहेब गेले, पुढच्यांचे कान ठणठणीत होते, तरी प्रथा राहिली. एका साहेबांना मी विचारलं होतं, आपल्याला कशाला हवं हे? ते म्हणाले, “अरे, तिथं बसलं की मी मंत्री नसतो. माझंच लिहिलेलं मला मुकाट्यानं ऐकावं लागतं.”

या पदाचा इतिहास लिहायला विद्वान लोक समर्थ आहेत. कोणी कुठला कर लावला, कोणी काढला, ते त्यांनी लिहावं. मला आपले आवाज आठवतात. एक साहेब होते, त्यांना आम्ही मागं ‘स्वल्पविराम’ म्हणायचो. त्यांचं एक वाक्य सुरू झालं की पान उलटेपर्यंत थांबायचं नाव नाही. बाई एकदा वाचता वाचता लालबुंद झाल्या आणि म्हणाल्या, “साहेब, वाक्य छान आहे. फक्त श्वास कुठं घ्यायचा तेवढं सांगा.” साहेबांनी तिथल्या तिथं त्या वाक्याची पाच वाक्यं केली. दुसरे एक साहेब आपलंच भाषण ऐकता ऐकता गाढ झोपले. बाई थांबल्या, मी वरून माईकवर खाकरलो, साहेब दचकून उठले आणि म्हणाले, “निम्मं काढून टाका.” त्या वर्षीच्या भाषणाचं फार कौतुक झालं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल.

आणि ते बाहेरचं दालन! बाकीची सगळी खाती मागायला येतात आणि हे एकच खातं ‘नाही’ म्हणायला बसलेलं असतं. त्यामुळं त्या दालनात कायम गर्दी. एका साहेबांनी वैतागून तिथले गुबगुबीत सोफे काढले आणि कडक लाकडी खुर्च्या ठेवल्या, म्हणजे लोक लवकर उठतील. लोक काही उठले नाहीत, नुसते अवघडून बसले. आठवड्याभरात बाईंनी घरून उशा आणून एकेका खुर्चीवर ठेवल्या. साहेबांनी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, “साहेब, नकारच द्यायचाय ना, तर माणूस निदान नीट बसलेला असावा.” साहेब हसले. त्या उशा पुढं कितीतरी मंत्र्यांच्या कारकिर्दीत टिकल्या. अभ्रे मात्र दर वर्षी बाई बदलायच्या.

आता तसं काही उरणार नाही. पुढच्या महिन्यात आपण सगळे नव्या इमारतीत जाणार. तिथं म्हणे खांबच नाहीत आणि आवाज सगळीकडं सारखा पोचतो. चांगलंच आहे. पण मला या सभागृहाची खोड माहीत होती. डावीकडं आवाज घुमतो, मधोमध तो हरवतो आणि शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत जरा दमतो. अशा जागेवर जीव जडतो, त्याला काय करणार?

कोण आलं? मागचं दार उघडलं वाटतं. या ना, आत या. उभे राहू नका, शेवटच्या रांगेत जागा आहे, खांबाजवळ बसा. हां, बसा. दार लोटून घ्या तेवढं.

माफ करा. मी जरा थांबलो, कारण पुढं काय बोलायचं ते मी कागदावर वेगळं लिहून आणलं होतं. ते राहू दे. मी आता एक गोष्ट सांगणार आहे, जी कोणाला सांगायची नाही असं बाईंनी मला बजावलं होतं. बाई, माझ्याकडं असं बघू नका. तुम्ही आजपासून निवृत्त आहात, तुमचा हुकूम आता चालत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, नदीवर पूल नव्हता तेव्हा सरकारी बोटी चालायच्या. मी नदीपलीकडं राहतो, रोज त्याच बोटीनं यायचो. त्या बोटीवर इंजिन सांभाळायला एक मिस्त्री होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याला काय दुखतंय ते सांगायचा, म्हणून माझं आणि त्याचं जमलं. दोघंही आवाजाचे धंदेवाले. हा मिस्त्री म्हणजे बाईंचा पाठचा भाऊ. आई-वडील लवकर गेले, बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. लग्न झालं तरी दर रविवारी तो ताईकडं जेवायला असायचाच.

पूल बांधून होत आला होता. बोटी राहणार की जाणार, याच्या नुसत्या वावड्या उठत होत्या. त्याच सुमारास मिस्त्रीला कागदाच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. चांगली, कायमची नोकरी. त्यांना लगेच उत्तर हवं होतं. पण नदी सोडवेना. आता असा माणूस कोणाला विचारणार? बहीण थेट अर्थमंत्र्यांच्या कार्यालयात!

त्या वर्षीचं भाषण बाई इथं वाचत होत्या. वाचता वाचता एक वाक्य आलं. “नव्या पुलामुळे नदीवरील शासकीय बोटसेवा या वर्षाअखेर बंद करण्यात येत आहे.” वाक्य साधं. साहेबांचंही काही चुकलं नव्हतं, पूल झाल्यावर बोटी कोण चालवणार? पण बाईंचा आवाज पडला. मागून साहेब म्हणाले, “बाई, हे वाक्य ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा.” त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? बाईंनी पुन्हा वाचलं. साहेब म्हणाले, “अजून मोठ्यानं.” मी वर बसून आवाजाचं बटण फिरवत होतो. बटण फिरवून आवाज मोठा करता येतो हो, पण मुळात तो आला तर पाहिजे. तिसऱ्यांदा बाईंनी पाण्याचा घोट घेतला, टेबलाची कड घट्ट धरली आणि खणखणीत वाचलं. “येतंय,” साहेब म्हणाले, “चालू द्या.” आणि बाईंनी पुढचं सगळं भाषण तसंच खणखणीत वाचलं. दारं उघडल्यावर मी खाली आलो, तर त्या बाकाचा आधार घेऊन उभ्या होत्या. मलाही माहीत होतं, ते वाक्य कोणाच्या घरात जाऊन पडणार.

त्याच संध्याकाळी भाऊ ताईकडं आला. जेवता जेवता विचारलं, “ताई, बोटींचं काय कानावर आलंय का? कारखान्यात जाऊ की राहू?” आता इथं बसलेल्या प्रत्येकानं मनात विचार करून बघा. गुप्ततेची शपथ घेतलेली. ‘जा’ म्हणायचं नाही, ‘राहा’ म्हणायचं नाही, ‘मला विचारू नकोस’ असंसुद्धा म्हणायचं नाही, कारण त्यातूनही माणूस समजायचं ते समजतो. बाईंनी चेहरा हलू दिला नाही. आमटी वाढली आणि म्हणाल्या, “तुझ्या मनाला काय वाटतं ते कर.” भावानं ताईचा चेहरा बघितला. एवढी शांत आहे, म्हणजे धोका नाही, असं त्यानं धरलं आणि सकाळी कारखान्याला नकार कळवून टाकला. दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प मांडला गेला.

त्यानंतर तो ताईशी बोलला नाही. जुन्या धक्क्यापाशी इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं, कष्टानं वर आला, पण ताईच्या घरची पायरी चढला नाही. भाचीच्या लग्नाला आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाई समोर येण्याआधी निघून गेला. ती भाची इथं बसलीय, मी खोटं बोलत नाही. बाईंनी कधी कोणाकडं गाऱ्हाणं केलं नाही. मला एवढंच म्हणाल्या होत्या, “त्या दिवशीचं वाचन त्याला सांगू नका. त्याला वाटेल, मी दयेची भीक मागतेय.” पण रविवारी जेवायला बसताना त्या एक ताट जास्त मांडायच्या, हे मला जावईबापूंनी सांगितलं. जावईबापू, तुमचंही गुपित फुटलं.

गेल्या आठवड्यात मी मिस्त्रीच्या दुकानात गेलो. म्हटलं, “ताई निवृत्त होतेय. समारंभाला ये.” तो इंजिनात डोकं घालून बसला होता. म्हणाला, “मी कशाला येऊ? तिला माहीत होतं आणि तिनं मला बुडू दिलं.” मी म्हणालो, “मलाही माहीत होतं.” त्यानं डोकं बाहेर काढलं. “तुला?” “हो, मी वर माईकवर होतो. त्या संध्याकाळी तुझ्याच बोटीनं घरी गेलो, तुझ्या शेजारी उभा राहून, आणि ब्र काढला नाही. शपथ मलाही होती. मग इतकी वर्षं माझ्याबरोबर चहा पितोस, तो कसा?” तो हातातला पाना पुसत म्हणाला, “तू कोण माझा? ती ताई आहे.” मी म्हटलं, “तेच तर. तुझ्यापेक्षा तिला जास्त लागलं असेल.” येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. वाचनाची गोष्ट मी तिथंही सांगितली नाही. ती सांगायची जागा हीच होती.

असो. खूप बोललो. अध्यक्ष महोदयांनी माझ्यासारख्याला या व्यासपीठावर जागा दिली, सचिव मॅडमनी घड्याळाकडं बघूनसुद्धा चिठ्ठी पाठवली नाही आणि तुम्ही सगळ्यांनी मला आज उलट्या बाजूनं ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुठं आवाज चढला असेल, कुठं खरखर झाली असेल, तर ती यंत्राची नव्हे, माझी समजा आणि सांभाळून घ्या.

आता बाई सत्काराला उत्तर देतील. या बाई, माईक इथं आहे. उंची बरोबर लावलीय, मी सकाळीच येऊन लावून गेलो. रडू नका हो, माईक ओला होतो. आणि लगेच सुरुवात करायची नाही! या सभागृहाची रीत आहे. मागून उत्तर आल्याशिवाय पहिला शब्द नाही. इतकी वर्षं तुम्ही विचारलंत, मंत्र्यांनी उत्तर दिलं. आज मंत्री इथं पुढं बसलेत. तिथं शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, मघाशी उशिरा आलेले एक गृहस्थ बसलेत. दिव्यांमुळं तुम्हाला दिसत नसतील, मला मात्र इतक्या वर्षांच्या सवयीनं दिसतात. विचारा, बाई. घसा नीट करा आणि विचारा.

...

मिस्त्री, तुला विचारलंय. मान हलवून चालत नाही, तोंडानं सांगावं लागतं.

...

ऐकलंत, बाई? सगळ्यांनी ऐकलं? “येतंय, ताई. बोल,” असं म्हणाला तो. आणि त्याच्याजवळ माईकही नव्हता.

चालू द्या, बाई. मी खाली जाऊन बसतो.