जन्मात उपाशी राहणार नाही

"बिझनेस शिकलेला माणूस जन्मात उपाशी राहत नाही!" पुंजाराममामांनी उस्मानपुऱ्यातल्या कॉलेजात, बीबीएच्या प्रवेशाच्या रांगेत जाहीर केलं.

"व्हय, तुझा कृष्णा एमबीए झाल्यापासून माझ्याच घरी जेवतोय," त्यांची बहीण चतुराबाई म्हणाली.

मागं उभ्या तौफिकनं हसू गिळलं आणि अम्मीनं दिलेला डबा दुसऱ्या काखेत घेतला. इथं नाव घालावं की अब्बांच्या हिमरू शालींच्या दुकानात बसावं, हे त्याचं रांगेत येऊनही ठरत नव्हतं.

"पण मामा, तीन वर्षांनी नोकरी नाय लागली तर?" चतुराबाईच्या मुलीनं, अपेक्षानं विचारलं.

"धंदा करायचा."

"धंदा नाय चालला तर?"

"दुसऱ्यांना धंदा शिकवायचा. हितले सर काय करतात?"

"आई, हे मला धीर देतायत का घाबरवतायत?"

"त्याचं सोड. तुला शिकायचंय ना?"

"लई शिकायचंय. पण पुढचं काहीच नक्की नाय."

"आपल्या घरात कुणाचं नक्की होतं? तुझा बाप पोलिसात जाणार होता. आता वरातीत बँजो वाजवतो."

"आणि लग्नसराईत त्याची एक तारीख रिकामी नसते," मामा म्हणाले.

अपेक्षा हसली. "बरं, घेते ॲडमिशन."

मामा विजयी मुद्रेनं मागं वळले. "आणि तुझं काय रे, बेटा?"

"मीपण घेतोय, चाचा," तौफिकच्या तोंडून निघून गेलं.

"शाब्बास! जन्मात उपाशी राहणार नाहीस. बरं, त्या डब्यातलं थोडं देतो का? सकाळपास्नं पोटात काही नाय."