घरच्या चौकशीत मी जे सांगितलं

नाही हो साहेब, तक्रार कसली, चूक माझीच आहे — परवा तुम्ही मुलीच्या नोकरीच्या चौकशीला आमच्या घरी आला होतात ना, तेव्हा मी जे सांगितलं ते मला मागे घ्यायचंय. घेता येतं ना? दुकानात वस्तू परत करतात तसं नाही, कळतं मला, पण तरी.

तुम्ही विचारलंत, मधे काही महिने मुलगी कुठे होती, आणि मी फाडकन म्हणाले, मावशीकडे, शिवणाच्या क्लासला. शिवण! तिला साधं बटण लावता येत नाही. पण समोरच्या मास्तरीणबाई बसल्या होत्या ना तिथे — तुमची चाहूल लागल्याबरोबर साखर मागायला आल्या, हातात वाटीसुद्धा नव्हती — आणि अख्ख्या बिल्डिंगला मी तेव्हापासून हेच सांगत आलेय, मावशीकडे, मावशीकडे. मग त्यांच्या तोंडावर वेगळं काय सांगणार? तुम्ही लिहून घेतलंत, चहा घेतलात, गेलात — आणि मला वाटलं, वा, काय सांभाळून घेतलं मी.

संध्याकाळी पोरगी आली. आई, काय विचारलं गं त्यांनी? मी आपलं ऐटीत सांगितलं. तर ती मटकन खालीच बसली हो, चपला पायातच. म्हणाली, आई, मी अर्जात सगळं खरं लिहिलंय — दाखल होते, औषधं घेतली, सगळं. आजाराचं त्यांना काही नसतं गं, लपवण्याचं असतं. म्हणे, ज्याला काही लपवायचंय त्याला कुणीही धमकावून आतली माहिती काढून घेईल, म्हणून एवढं खोदून विचारतात. आता मला हे कुठे ठाऊक? मला चौकशी म्हणजे बिल्डिंगमधल्या बायका करतात तेवढीच माहीत, तिथे चांगलं तेवढं सांगायचं आणि दार लावून घ्यायचं. सरकारी नकाशांच्या खात्यातली नोकरी, साहेब, तिथलं सगळं गुप्त. परीक्षा झाली, मुलाखत झाली, एवढी चौकशीच राहिली होती. तिने एक लिहिलं, आईने दुसरंच सांगितलं — खोटं मी बोलले आणि खोटारडी ती ठरणार!

ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, तुला माझी इतकी लाज वाटते? मी म्हटलं, काहीतरीच काय, आणि आत जाऊन भाजी ढवळत बसले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

वाटत होती हो लाज. नाही — वाटते. आता इथे येऊन पुन्हा खोटं नको.

हं, लिहा. ती तेव्हा — जरा हळू बोलू का, ते टायपिंगवाले ऐकतायत — बरं, बरं. मनोरुग्णालयात होती. जेवायची नाही, झोपायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग बरी झाली. अगदी बरी झाली, साहेब, घरी आली आणि पुस्तकं काढून अभ्यासालाच बसली. हे नीट लिहा हं, बरी झाली ते.

डॉक्टर? कुणीतरी बाई होत्या वाटतं. वॉर्ड — ते तिच्या बाबांना माहीत. ते जायचे ना, रोज, कामावरून परस्पर. घरी आणायलाही तेच गेले. मी? मी डबा करून द्यायचे. रोज द्यायचे, एक दिवस चुकवला नाही. आणि घरी कुणीतरी नको का, लोक येत होते, विचारत होते, आणि तिथल्या फाटकाशी कुणी बघितलं असतं तर —

नाही. एकदाही नाही गेले.

ती विचारायची म्हणे, आई कधी येणार. तिचे बाबा सांगतात मला. तिने स्वतः आजवर कधी विषय काढला नाही.

म्हणजे माझं सांगणं चालणार नाही? नाही, बरोबर आहे तुमचं — ज्याने डोळ्यांनी बघितलं त्यानेच सांगायला हवं. मी कुठे काय बघितलंय! नका लिहू, आत्ता सांगितलं ते सगळं खोडून टाका. उद्या तिच्या बाबांना पाठवते. तुम्ही फक्त परवाचं मावशीचं तेवढं काढून — हो. हो, निघते मी.